संस्थेतलं 'संगणकाचं बघणं' तुमच्या गळ्यात पडलंय? पावसाळ्याआधी एवढं करून ठेवा

मदतकार्य करणाऱ्या छोट्या संस्थांमध्ये सायबर सुरक्षेचा वेगळा माणूस नसतो. बैठकीत कोणीतरी म्हणतं, "तुम्हाला त्यातलं कळतं, तुम्हीच बघा," आणि काम तुमचं होतं. प्रिंटर चालत नसेल तरी तुम्ही, मेल उघडत नसेल तरी तुम्ही, आणि उद्या पूरग्रस्तांची यादी कोणी चोरली तरी तुम्हीच. हा लेख अशा माणसासाठी आहे. संगणकाची पदवी लागत नाही. थोडा हट्टीपणा मात्र लागतो, कारण यातलं निम्मं काम सहकाऱ्यांना 'नाही' म्हणण्याचं आहे.

आधी जिनिव्हातली एक घटना सांगतो, म्हणजे पुढचं का सांगतोय ते कळेल.

१८ जानेवारी २०२२ रोजी आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीच्या लक्षात आलं की आपल्या सर्व्हरमध्ये कोणीतरी शिरलंय. युद्ध, स्थलांतर, आपत्ती यांत ताटातूट झालेल्या कुटुंबांची गाठ घालून देण्याचं काम रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंटच्या जगभरच्या संस्था करतात. त्या काळात या कामातून रोज सरासरी १२ हरवलेली माणसं आपल्या घरच्यांपर्यंत पोहोचत होती. चोरांच्या हाती लागली ती याच कामाची माहिती. किमान ६० देशांतल्या संस्थांनी जमवलेली, ५ लाख १५ हजारांहून अधिक माणसांची. बेपत्ता लोक, त्यांचे नातेवाईक, एकटी पडलेली मुलं, कैदी. हल्लेखोर आत शिरले होते ९ नोव्हेंबर २०२१ ला, म्हणजे ७० दिवस आधी. पासवर्ड सांभाळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये दोष निघाला होता. त्याची दुरुस्ती सप्टेंबरमध्येच उपलब्ध झाली होती, ती या सर्व्हरवर वेळेत चढवली गेली नव्हती. अँटिव्हायरस होता, त्याने काही फाइली पकडल्याही. पण बहुतेक फाइली त्याला चुकवण्यासाठीच बनवलेल्या होत्या.

एवढी मोठी संस्था, तिच्याकडे माणसं, पैसा, जाणकार सगळं होतं, तरी हे झालं. तेव्हा 'आपल्याकडे कोण येतंय' हे वाक्य संस्थेतून हद्दपार करा. आणि चोराला पूर्णपणे अडवता येईलच असंही धरून चालू नका. तो आत आलाच, तर त्याच्या हाती काय लागेल, हे ठरवणं मात्र बऱ्यापैकी आपल्या हातात असतं. म्हणून कुलपांच्या आधी कपाट.

पहिली पायरी : आपल्याकडे कोणाचं काय आहे ते शोधा

एक कोरा कागद घ्या आणि संस्थेत फिरा. प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारा. लोकांची माहिती तुमच्याकडे कशात आहे, आणि ती अजून कशाला लागते?

उत्तरं ऐकून धक्का बसेल. कार्यालयातल्या एक्सेल फायली तुम्हाला माहीत असतात. पण किट वाटपाची यादी कोणाच्या तरी स्वतःच्या जीमेलवर असते. रेशनकार्डांचे फोटो एका कार्यकर्त्याच्या मोबाइल गॅलरीत, त्याच्या मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी असतात. 'मदत पथक' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विधवांची गाववार यादी पडलेली असते आणि त्या ग्रुपमध्ये दोनशे जण असतात. त्यातल्या कित्येकांना आता कोणी ओळखतही नाही. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे काम केलेल्या संस्थांनी आपले जुने पेन ड्राइव्ह एकदा उघडून पाहावेत.

देणगीदारांची माहितीही यातच धरा. ८०जी ची सवलत मिळावी म्हणून आपण देणगीदाराचा पॅन घेतो आणि दरवर्षी आयकर खात्याला विवरण भरतो. म्हणजे नाव, पत्ता, पॅन आणि दिलेली रक्कम हे सगळं एका ओळीत, एका फायलीत. चोरासाठी ताट वाढून ठेवल्यासारखं.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. वाटपाच्या वेळी आपण कागदावर नाव लिहितो, शेजारी आधार क्रमांक लिहितो, आणि लिहिता न येणाऱ्या माणसाचा अंगठा घेतो. पुराव्याला बरं पडतं, हिशेबनीसही खूश असतो. पण आधारला जोडलेल्या खात्यातून पैसे काढायला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढंच पुरतं. ओटीपी लागत नाही. कर्नाटकात २०२३ मध्ये जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांच्या नकला करून लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. आपलं वाटपाचं रजिस्टर त्या दस्तांपेक्षा फार वेगळं नाही. त्यात पासबुकाची झेरॉक्स जोडली की तिन्ही गोष्टी एकाच फायलीत आल्या.

मग काय करायचं?

आधार क्रमांक पूर्ण लिहू नका. ओळख पटवायला कार्ड डोळ्यांनी बघा आणि शेवटचे चार आकडे टिपा. प्रत हवीच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं 'मास्क्ड' आधार मिळतं, ते घ्या. अंगठ्याचं रजिस्टर कागदीच ठेवा, कपाटात कुलपात ठेवा, आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढायला सक्त मनाई करा. देणगीदार संस्थेला पुरावा हवा असेल तर ठसे झाकून प्रत पाठवा. बहुतेक जण ती मान्य करतात, त्यांना विचारणारं कोणी नसतं एवढंच. लाभार्थ्यांना 'बायोमेट्रिक लॉक करा', म्हणजे आधारवरची ठशांची पडताळणी बंद करून ठेवा, असं सांगण्याचा मोह होईल, पण जरा थांबा. ज्याला दर महिन्याला रेशन दुकानात अंगठा लावूनच धान्य मिळतं, त्याचं लॉक करून दिलं आणि उघडायचं कसं ते शिकवलं नाही, तर तुम्ही त्याची अडचणच वाढवली.

ज्या माहितीचं काम संपलं, ती पुसून टाका. किती वर्षं काय ठेवायचं हे लेखापरीक्षकाला विचारून एका पानावर लिहून घ्या आणि विश्वस्तांची सही घ्या. सही महत्त्वाची. नाहीतर "अहो, असू द्या, कधीतरी लागेल" म्हणणारा कोणीतरी निघतोच.

दुसरी पायरी : कुलपं

हा भाग सगळीकडे वाचायला मिळतो, म्हणून भराभर सांगतो.

संस्थेचा मुख्य मेल, बँकेची नेट बँकिंग आणि सरकारी पोर्टलांची लॉगिन या तीन ठिकाणी आधी हात घाला. मेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. एसएमएसवरच्या ओटीपीपेक्षा फोनवरच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप बरं. संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅपला 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा पिन टाका आणि महिन्यातून एकदा 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून अनोळखी उपकरण जोडलेलं नाही ना ते बघा. एकच पासवर्ड पाच जणांनी वापरायचा आणि तो टेबलावरच्या काचेखाली ठेवायचा, ही प्रथा बंद करा. विंडोज, फोन आणि वेबसाइट यांचे अपडेट आले की त्याच आठवड्यात चढवायचे. सत्तर दिवसांची गोष्ट आठवा.

सोडून गेलेल्या माणसांची लॉगिन ही आपल्याकडची मोठी दुखरी जागा. पुराच्या वेळी तीस स्वयंसेवक येतात, सगळ्यांना गुगल शीट उघडून दिली जाते, पूर ओसरतो, मुलं कॉलेजात परत जातात आणि शीट तशीच उघडी राहते. शिबिर संपलं की निरोपाच्या चहाच्या दिवशीच सगळ्यांचे प्रवेश काढायचे, असा नेम करा. यात कोणाचा अविश्वास नाही. खोलीच्या चाव्या आपण परत घेतोच की.

स्वयंसेवकांना एकच गोष्ट शिकवायची असेल तर ही शिकवा : व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फायलीच्या नावाच्या शेवटी 'एपीके' (.apk) असेल तर ती उघडायची नाही. लग्नपत्रिका, वाहनाचं चलान, पीएम किसानची यादी अशा नावांनी या फायली फिरतात. उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसतं आणि एसएमएस वाचू लागतं. आपत्तीच्या काळात 'नुकसानभरपाईची यादी' अशा नावाची फाइल आली तर कोण नाही उघडणार?

तिसरी पायरी : पैशांसाठी एक फोन

मदत संस्थांचे पैसे जातात ते बहुतेकदा चित्रपटातल्यासारख्या हॅकिंगमुळे नाही, एका सभ्य भाषेतल्या मेलमुळे. 'सेव्ह द चिल्ड्रन'च्या अमेरिकेतल्या संस्थेचं २०१७ मध्ये असंच झालं. एका कर्मचाऱ्याच्या मेलमध्ये कोणीतरी शिरलं आणि पाकिस्तानातल्या आरोग्य केंद्रांसाठी सौर पॅनेल घेतल्याची खोटी बिलं पाठवली. संस्था त्या भागात अनेक वर्षं काम करत होती, त्यामुळे बिलं खरीच वाटली. जवळजवळ १० लाख डॉलर जपानमधल्या एका खात्यात गेले. महिनाभराने कळलं. विमा होता म्हणून बरीचशी रक्कम भरून निघाली. फिलाडेल्फियाच्या 'फिलाबंडन्स' या अन्नदान संस्थेने २०२० मध्ये नव्या स्वयंपाकघराच्या बांधकामाचं बिल म्हणून ९ लाख २३ हजार डॉलर चोरांना दिले. चोरांनी खऱ्या कंत्राटदाराचे मेल संस्थेपर्यंत पोहोचूच दिले नव्हते.

या दोन्हींवर औषध फुकट आहे. नियम असा : खाते क्रमांक नवा असेल किंवा बदलला असेल, तर त्या माणसाला आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा आणि आवाज ओळखून खात्री करायची. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. आणि ठराविक रकमेच्या वर दोन माणसांच्या मंजुरीशिवाय पैसे जाणार नाहीत. अध्यक्षांचा "मी मीटिंगमध्ये आहे, लगेच पाठवा" असा निरोप आला, तरीही नाही. अध्यक्षांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते फोन आल्यावर चिडणार नाहीत.

परदेशी देणग्या घेणाऱ्या संस्थांकडे एक आयतं हत्यार आहे, ते फारसं कोणी वापरत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. म्हणून आपल्या प्रत्येक परदेशी देणगीदाराला आजच लिहा : "आमच्या नावाने दुसऱ्या कुठल्याही बँकेत पैसे मागणारा मेल आला, तर तो खोटा समजा, कितीही खरा दिसला तरी." उद्या तुमचा मेल फुटला, तरी देणगीदाराचे पैसे वाचतील.

देशातल्या देणगीदारांसाठी यूपीआयचा घोळ वेगळा. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधी जाहीर झाला आणि लगोलग अधिकृत आयडीतला शेवटचा 'एस' गाळून बनवलेले खोटे आयडी फिरू लागले. आपत्ती आली की तुमच्याही नावाचा खोटा क्यूआर निघू शकतो. खरा आयडी आणि पैसे भरताना पडद्यावर दिसणारं संस्थेचं नाव हे दोन्ही वेबसाइटवर आणि पावतीवर कायम छापलेलं असू द्या. दर आवाहनाला नवा क्यूआर काढू नका. लोकांना जुना ओळखीचा झाला की खोटा लवकर खटकतो.

चौथी पायरी : संगणक नसताना काम कसं चालेल?

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर रॅन्समवेअरने, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरने, बंद पडले आणि केसपेपरपासून तपासणी अहवालांपर्यंतची कामं कित्येक दिवस हाताने करावी लागली. रेड क्रॉसनेही हल्ला कळल्यावर आपली ती यंत्रणा स्वतःच बंद केली आणि कुटुंबं शोधण्याचं काम साध्या तक्त्यांवर चालू ठेवलं.

तुमची तयारी दोन भागांत करा. पहिला भाग बॅकअपचा : महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक कार्यालयाबाहेर. एक हार्ड डिस्क अशी हवी की जी बॅकअप घेतानाच जोडायची आणि लगेच काढायची. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअर कार्यालयातल्या फायलींबरोबरच कुलूपबंद करतं. त्या डिस्कलाही पासवर्ड घाला, कारण बॅकअप म्हणजेही लोकांचीच माहिती. आणि तीन महिन्यांतून एकदा त्यातली एखादी फाइल उघडून बघा. न उघडणारा बॅकअप असणं आणि नसणं सारखंच.

दुसरा भाग कागदाचा. एका लाल फाइलमध्ये हे असू द्या : सर्व कार्यकर्त्यांचे फोन नंबर, बँक शाखेचा आणि वेबसाइट सांभाळणाऱ्याचा नंबर, वाटपाचे कोरे फॉर्म, आणि 'कोण काय ठरवणार' याचं एक पान. यंत्रणा बंद करायचा निर्णय कोणाचा? पत्रकारांशी कोण बोलणार? रात्री दोन वाजता फोन उचलणारे दोघे कोण? ही फाइल कार्यालयात एक आणि कोणाच्या तरी घरी एक अशी ठेवा. माझ्या मते ती वरच्या मजल्यावरच्या घरी असावी. पूर आणि सायबर हल्ला एका वेळी यायला कोणाची मनाई आहे का?

मे महिन्यात अर्धा दिवस सराव करा. सकाळी अकराला जाहीर करायचं, "ड्राइव्ह गेली, मेल गेला, आता शंभर कुटुंबांना किट वाटून दाखवा." पहिल्या वर्षी हसू होतं. लाल फाइल कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसतं.

पाचवी पायरी : झालंच, तर पहिला तास

पडद्यावर खंडणीची चिठ्ठी दिसेल, किंवा एखादा देणगीदार फोन करून विचारेल, "तुम्ही मला हा कसला मेल पाठवलाय?" अशा वेळी हात आधी ज्या गोष्टीकडे जातो, तीच बहुधा चुकीची असते.

संगणक बंद करू नका, फॉरमॅट तर अजिबातच नाही. इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा आणि तसाच राहू द्या. मेमरीतल्या खुणा तपासणाऱ्याला लागतात. पडद्याचा फोटो दुसऱ्या फोनने काढा. एक वही घ्या आणि वेळेसकट लिहायला लागा : १०.४० ला काय दिसलं, १०.५५ ला कोणाला फोन केला. ही वही पुढे पोलिसांना, विमा कंपनीला, विश्वस्तांना सगळ्यांना लागते.

पैसे गेले असतील तर बाकी सगळं सोडून १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा आणि दुसऱ्याने त्याच वेळी बँकेला. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला संदर्भ क्रमांक, हाताशी ठेवा. रक्कम पुढच्या खात्यांतून फिरत जाते, ती वाटेत गोठवायची तर मिनिटं मोजावी लागतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरची लेखी तक्रार त्यानंतर.

मेल फुटला असेल तर स्वच्छ असल्याची खात्री असलेल्या दुसऱ्या संगणकावरून पासवर्ड बदला आणि सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. मग सेटिंगमध्ये जाऊन 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर' तपासा. हे नव्वद टक्के लोक विसरतात, असं म्हणायचा मोह होतो, पण आकडा माझ्याकडे नाही, अनुभव मात्र आहे. चोर तिथे गुपचूप नियम लावून ठेवतो की 'बिल' शब्द असलेला प्रत्येक मेल आपल्याकडे यावा. पासवर्ड बदलला तरी नियम तसाच राहतो.

खंडणी देऊ नये असं माझं मत आहे. पैसे देऊन फायली मिळतीलच, किंवा चोरलेली प्रत पुसली जाईलच, याची हमी कोणी देत नाही. त्याआधी 'नो मोअर रॅन्सम' ही मोफत साइट बघा. डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी ती २०१६ मध्ये सुरू केली. काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या तिथे मिळतात. तांत्रिक मदतीला माणूस नसेल, तर 'अ‍ॅक्सेस नाऊ'ची डिजिटल सुरक्षा हेल्पलाइन नागरी संस्थांना चोवीस तास मोफत मदत करते, आणि जिनिव्हाची 'सायबरपीस इन्स्टिट्यूट' स्वयंसेवक तज्ज्ञांना संस्थांशी जोडून देते. मात्र यांच्याशी ओळख आजच करून घ्या.

सहावी पायरी : कोणाला कळवायचं

सरकारी बाजू आधी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात माहिती फुटली तर माहिती संरक्षण मंडळाला आणि ज्यांची माहिती फुटली त्या प्रत्येकाला कळवण्याचं बंधन आहे. तुमची संस्था न्यास आहे की कंपनी कायद्याच्या कलम ८ ची ना-नफा कंपनी, त्याप्रमाणे काय लागू होतं हे वकिलाकडून आताच लिहून घ्या आणि तो कागद लाल फाइलमध्ये टाका.

मग लोक. इथे संस्था कच खातात. 'संस्थेची बदनामी होईल' हे वाक्य पाच मिनिटांत कानावर येतं. पण ज्या बाईचा आधार क्रमांक गेला, तिला कळलंच नाही, तर ती खात्यावर लक्ष ठेवणार कशी? रेड क्रॉसने चोरी दुसऱ्याच दिवशी, १९ जानेवारीला जगासमोर मांडली. पुढे काय शिकलो तेही सविस्तर सांगितलं, दुरुस्ती चढवायची राहून गेली हेसुद्धा. ज्यांची माहिती गेली त्यांना फोन केले, पत्रं पाठवली, जाहीर निवेदनं दिली, आणि जिथे यातलं काहीच पोहोचत नाही अशा दुर्गम वस्त्यांवर माणसं पाठवून समोरासमोर सांगितलं.

आपल्याकडेही वस्तीवर जावंच लागेल. मेल कोणी वाचणार नाही आणि एसएमएस खोटा वाटेल, कारण खोट्या एसएमएसांबद्दल आपणच त्यांना सावध केलेलं असतं. ओळखीची कार्यकर्ती जाऊ द्या आणि तिच्या हातात मजकूर लिहून द्या. साधारण असा : "ताई, मागच्या वर्षी धान्य देताना आम्ही तुमचं नाव, गाव आणि फोन नंबर लिहून घेतला होता. तो कागद आमच्या संगणकातून चोरीला गेलाय. चूक आमची आहे. तुमच्या खात्यातले पैसे यामुळे आपोआप जाणार नाहीत, पण आमचं नाव सांगून कोणी फोन करेल, ओटीपी मागेल, अंगठा लावायला सांगेल. देऊ नका. आम्ही फोनवर कधीच काही मागत नाही. शंका आली तर या नंबरवर मला विचारा." नंबर मोठ्या अक्षरात, चिठ्ठीवर. आणि तो नंबर पुढचे निदान तीन महिने कोणीतरी उचलेल, याची व्यवस्था त्याच दिवशी करा.